शरीरातल्या दिशांची भाषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एएनएमच्या, म्हणजे सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेच्या अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाला शरीररचनेचा तास सुरू झाला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच फळ्यावर हे शब्द येतात: सुपीरियर, इन्फीरियर, मीडियल, लॅटरल, प्रॉक्सिमल, डिस्टल. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुली मराठी शाळेतून, कापसाच्या नाहीतर धानाच्या गावांतून आलेल्या असतात. शब्द पाहूनच त्यांचे चेहरे उतरतात. मला ते बघवत नाही. ज्या मुलीनं लहानपणापासून बैलजोडी हाकताना पाहिली आहे, तिला ही समज आधीच असते, फक्त शब्द नवे असतात. वर्गात, वसतिगृहातून रात्रीच्या फोनवर आणि आशाताईंच्या बैठकीत मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे लिहून ठेवते आहे.

वर, खाली, पुढं, मागं एवढ्यावर भागत नाही का?

घरात भागतं. दवाखान्यात अडतं, कारण पेशंट दर वेळी उभा नसतो. खाटेवर उताण्या झोपलेल्या आजीला विचारा, ‘‘आजी, दुखतं ते बेंबीच्या वर का?’’ आजीला वर म्हणजे छत वाटू शकतं, तुमच्या मनात वर म्हणजे डोक्याकडे असतं. तीच आजी कुशीवर वळली की पुढं-मागंही बदललं.

‘‘कुठं दुखून रायलं, माय?’’ विचारलं की उत्तर येतं, ‘‘इथंच पाह्य ना, थोडं खालतं, मांगच्या अंगानं.’’ आणि ती बोट ठेवून दाखवते. समोर असताना त्या बोटासारखं दुसरं काही नाही, ते नीट पाहा. पण तिचं बोट चिठ्ठीसोबत तालुक्याला जात नाही. तिकडच्या डॉक्टरांना फक्त तुमचे शब्द मिळतात. पेशंट उभा असो, पालथा असो, बैलगाडीत आडवा टाकून आणलेला असो, ज्यांचा अर्थ बदलणार नाही असे शब्द त्यासाठी लागतात.

‘अॅनाटॉमिकल पोझिशन’ म्हणजे नेमकं काय?

माणूस ताठ उभा, तोंड समोर, नजर समोर, दोन्ही पाय जवळ आणि पावलं पुढच्या दिशेनं, हात अंगालगत खाली सोडलेले आणि तळहात पुढं वळवलेले. मराठीत प्रमाण स्थिती म्हणा. पेशंट प्रत्यक्षात कसाही असला तरी वर्णन करताना तो मनातल्या मनात असा उभा करायचा आणि मगच दिशा लिहायची. पुढचे सगळे शब्द या एका खुंटीला बांधलेले आहेत.

तळहात पुढंच का? असं कोणी उभं राहत नाही.

राहत नाही, खरं आहे. आता उभ्या राहा आणि हात खाली सोडा. तळहात पुढं केले की अंगठा अंगापासून लांब, बाहेरच्या बाजूला जातो. तळहात मागं फिरवले की तोच अंगठा मांडीकडे येतो. म्हणजे अंगठा आतला का बाहेरचा, हे हात कसा फिरवला यावर ठरायला लागलं. तो घोळ मिटवायला एक स्थिती पक्की केली, आणि तीही अशी निवडली की कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, एकमेकींना समांतर राहतात. तळहात मागं फिरवला की रेडियस अल्नाला ओलांडून जातं. आपल्या दुसऱ्या हाताची बोटं दंडाखाली, कोपराच्या पुढं ठेवून हात फिरवून पाहा, हाड फिरताना कळतं.

म्हणून अंगठा नेहमी लॅटरल, म्हणजे बाहेरचा, आणि करंगळी नेहमी मीडियल, म्हणजे आतली. तरीही गोंधळ वाटलाच तर अंगठ्याच्या बाजूला रेडियल आणि करंगळीच्या बाजूला अल्नर म्हणावं. हात कसाही असला तरी हे शब्द चुकत नाहीत.

डावं-उजवं कोणाचं धरायचं? माझं की पेशंटचं?

पेशंटचं. नेहमी, कुठल्याही अपवादाशिवाय पेशंटचं. या प्रश्नावर मी जरा थांबणार आहे, कारण बाकीचे शब्द चुकले तर गुण जातात, हा चुकला तर माणसाचं नुकसान होऊ शकतं.

बैलगाडी आठवा. धुरकरी बैलांच्या मागं बसतो. त्याचं आणि बैलांचं तोंड एकाच दिशेला, त्यामुळे त्याचा डावा हात आणि जोडीतला डावा बैल एकाच बाजूला. त्याला कधी विचार करावा लागत नाही. आता पोळ्याचा दिवस घ्या. तोरणाखाली जोडी उभी आहे आणि तुम्ही आरतीचं ताट घेऊन बैलांच्या समोर उभ्या आहात. डावा बैल आता तुमच्या उजव्या हाताला आला. बैल बदलले नाहीत, तुम्ही जागा बदलली. घरातला कोणीही माणूस तरीही त्याला डावा बैलच म्हणतो. पेशंटच्या बाबतीत हेच करायचं.

पण याच्या पुढची एक पायरी आहे आणि तिथे शिकलेली माणसंही घसरतात. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाठीवर गळू झालेले एक बाबा माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसले होते. समोरच्या माणसाची बाजू उलट करायची, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं, की मी विचार न करता उलट केली आणि चिठ्ठीत चुकीची बाजू लिहिली. मी तर त्यांच्या मागं होते, धुरकऱ्याच्या जागेवर. उलट करायचं कारणच नव्हतं. पुढच्या दवाखान्यात सदरा काढल्यावर गळू दिसलं, म्हणून निभावलं. ते गळू होतं, डोळ्यांनी दिसणारं. तीच चूक मूत्रपिंडाच्या किंवा कानाच्या आतल्या दुखण्याबाबत झाली असती तर, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. तेव्हापासून मी पेशंटलाच सांगते, ‘‘बाबा, तुमचा जेवायचा हात वर करा.’’ मग लिहिते. डावखुऱ्या माणसाला मात्र आधी विचारून घ्यावं.

जगभर याच भीतीपोटी शस्त्रक्रियेआधी कातडीवर खूण करायची पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासणी यादीतही जागेवर खूण केली का, हा प्रश्न आहे.

मग एक्स-रे?

छातीची फिल्म अशी लावतात, की जणू पेशंट तुमच्याकडे तोंड करून उभा आहे. म्हणून त्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला. फिल्मवर बाजू सांगणारं अक्षर असतं, ते आधी शोधा. हृदय डावीकडे झुकलेलं दिसतं म्हणून तीच डावी, असा अंदाज बांधू नका. क्वचित काही माणसांचं हृदय जन्मतःच उजवीकडे असतं.

सुपीरियर आणि प्रॉक्सिमल यांत फरक काय? दोन्हींचा अर्थ ‘वर’च ना?

परीक्षेत सगळ्यात जास्त चुकतो तो हा. सुपीरियर म्हणजे डोक्याकडे, इन्फीरियर म्हणजे पावलांकडे. ही जोडी मुख्यतः डोकं, मान आणि धडासाठी. छाती पोटाच्या सुपीरियर, बेंबी छातीच्या इन्फीरियर.

हातापायांसाठी प्रॉक्सिमल आणि डिस्टल. प्रॉक्सिमल म्हणजे हात किंवा पाय जिथे धडाला जोडला आहे त्या मुळाच्या जवळ, डिस्टल म्हणजे मुळापासून लांब. झाडाची फांदी घ्या. खोडाजवळचा भाग प्रॉक्सिमल, शेंड्याकडचा डिस्टल. वाऱ्यानं फांदी वर गेली की खाली आली, याचा काही संबंध नाही. हात डोक्यावर उचलला की मनगट कोपराच्या वर जातं, पण ते कोपराच्या डिस्टलच राहतं.

हे सर्पदंशात फार कामाला येतं. आपल्याकडे पेरणीपासून धान कापणीपर्यंत हे पेशंट येतच असतात. घोणस चावली की दंशाच्या जागेवरून सूज मुळाकडे सरकू लागते. पावलाला दंश असेल तर घोट्याकडे, मग पोटरीकडे. आल्याबरोबर सूज जिथे संपते तिथे पेनानं रेघ मारा आणि रेघेजवळ वेळ लिहा. थोड्या वेळानं पुन्हा पाहा. सूज रेघेच्या प्रॉक्सिमल बाजूला गेली असेल तर ती चढते आहे. ‘सूज वाढली’ एवढ्यानं डॉक्टरांना काही कळत नाही. ‘घोट्याजवळची रेघ ओलांडून अर्ध्या तासात चार बोटं प्रॉक्सिमल’ यानं पुष्कळ कळतं. दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. मण्यारीच्या दंशाला सूज फारशी येतच नाही, म्हणून सूज नाही यावर कधीही विसंबू नका.

मीडियल आणि लॅटरल सोप्या भाषेत?

कपाळाच्या मधोमध, नाकाच्या शेंड्यावरून, बेंबीवरून एक ओळंबा सोडा, गवंडी सोडतो तसा. त्या दोरीकडे जाणारं मीडियल, दोरीपासून बाहेर जाणारं लॅटरल. डोळे नाकाच्या लॅटरल, नाक डोळ्यांच्या मीडियल. घोट्याला दोन उंचवटे असतात. आतला मीडियल, बाहेरचा लॅटरल.

एखादी जागा थेट ‘लॅटरल’ म्हणता येते का?

कशाच्या लॅटरल, हे सांगितल्याशिवाय अर्थ अपुरा राहतो. ‘आमचं वावर पलीकडे आहे’ म्हटलं की ‘कशाच्या पलीकडे, नाल्याच्या की सडकेच्या?’ असं लगेच विचारतात ना, तसंच.

लसीच्या कार्डावर ‘अँटेरोलॅटरल’ असा जोडशब्द असतो. तो कसा वाचायचा?

दोन दिशांच्या मधली जागा. अँटिरियर म्हणजे पुढची, लॅटरल म्हणजे बाहेरची. मांडीची पुढची-बाहेरची बाजू. राष्ट्रीय लसीकरणात बाळाला पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची) लस डाव्या मांडीच्या मधल्या भागात याच जागी देतात, पीसीव्ही (न्यूमोनियाची) उजव्या मांडीत, बीसीजी (क्षयाची) डाव्या दंडावर. जागा ठरलेली असली की कुठे गाठ आली, कुठे लाल झालं, ते कोणत्या लसीमुळे हे दुसऱ्या गावातल्या सिस्टरलाही कळतं.

बाळाला कुल्ल्यावर का टोचत नाहीत, हा आयांचा नेहमीचा प्रश्न. तिथला स्नायू बाळात भरलेला नसतो आणि जवळून सायटिक नस जाते. मोठ्या माणसाला कुल्ल्यावर इंजेक्शन देतानाही कुल्ल्याचे मनात चार भाग करून वरचा-बाहेरचा, म्हणजे सुपेरोलॅटरल भाग घ्यायचा तो याचसाठी. नस खालच्या-आतल्या बाजूनं जाते. इथे शब्द समजला नाही तर एखाद्याचा पाय लुळा पडू शकतो. मी हे वर्गात दर वर्षी सांगते आणि दर वर्षी तितक्याच काळजीनं सांगते.

अँटिरियर आणि व्हेंट्रल एकच का?

माणसात बहुतेक ठिकाणी एकच, कारण माणूस उभा आहे. व्हेंट्रल म्हणजे पोटाकडची, डॉर्सल म्हणजे पाठीकडची. उभ्या माणसाचं पोट पुढं असतं, म्हणून व्हेंट्रल म्हणजेच अँटिरियर झालं.

बैलाकडे पाहा, फरक दिसेल. बैलाचं पोट जमिनीकडे आहे. त्याची डॉर्सल बाजू वर आभाळाकडे, व्हेंट्रल खाली. डोक्याकडच्या दिशेला क्रेनियल, शेपटीकडच्या दिशेला कॉडल म्हणतात. जनावरांचे डॉक्टर याच शब्दांत बोलतात. त्यांच्याकडे अँटिरियर-पोस्टिरियर (पुढचं-मागचं) सहसा टाळतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तूप-हळद लावून आपण जी जागा शेकतो, ती कुठली? वशिंडाच्या क्रेनियल बाजूची, मानेच्या डॉर्सल अंगाची, जिथे वर्षभर जू बसतं. वशिंड डॉर्सल, गायीची कास व्हेंट्रल आणि कॉडल. गोठ्यात जाऊन एकदा हात ठेवून म्हणा, विसरणार नाही. पाठांतराच्या वहीपेक्षा मला हा अभ्यास जास्त भरवशाचा वाटतो.

पावलाच्या वरच्या बाजूला ‘डॉर्सम’ का म्हणतात? ती तर पाठीकडे नाही.

फार चांगला प्रश्न, आणि विचारणाऱ्या मुलीचं मी नेहमी कौतुक करते. गर्भात हातपाय कळीसारखे फुटतात तेव्हा प्रत्येकाला एक पाठीकडची आणि एक पोटाकडची बाजू असते. पुढं वाढीत पाय आतल्या अंगानं फिरतो आणि पाठीकडची बाजू समोर येते. म्हणून गुडघा पुढं वाकत नाही, मागं वाकतो, कोपराच्या उलट. जागा बदलली तरी नाव जुनंच राहिलं. पावलाची वरची बाजू डॉर्सल, तळवा प्लँटर. हाताची मागची बाजू डॉर्सल, तळहात पामर.

प्रोन आणि सुपाइन यांत नेहमी गफलत होते.

सुपाइन उताणा, प्रोन पालथा. हे शब्द आपल्याकडे भांड्यांनाही आहेत, बाळांनाही आहेत. हाताचंही तेच: देवळात प्रसादाला पसरतो तो हात सुपाइन, आशीर्वादाला डोक्यावर ठेवतो तो प्रोन.

सुपरफिशियल आणि डीप?

कातडीजवळचं सुपरफिशियल, आत खोल ते डीप. बरगड्या फुप्फुसांच्या सुपरफिशियल आहेत. एवढंच.

पोटाचे चार भाग कसे पाडायचे आणि त्याचा उपयोग काय?

बेंबीतून एक उभी, एक आडवी रेघ. उजवा वरचा, डावा वरचा, उजवा खालचा, डावा खालचा. यकृत मुख्यतः उजव्या वरच्या भागात, जठराचा बराचसा भाग आणि प्लीहा डाव्या वरच्या भागात. अपेंडिक्स बहुधा उजव्या खालच्या भागात. उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेघ ओढली तर हाडाकडून एक तृतीयांश अंतरावरची जागा मॅकबर्नी पॉइंट. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी या सर्जननं १८८९ मध्ये ती लिहून ठेवली, आजही तिथेच दाबून पाहतात.

पूर्व विदर्भात काम करणाऱ्या प्रत्येकीनं प्लीहेची जागा पाठ करावी, असं माझं ठाम मत आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, मुलं आहेत. प्लीहा डावीकडे नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते, निरोगी मुलात सहसा हाताला लागत नाही. ती वाढते तेव्हा बरगडीखालून बाहेर येऊन इन्फीरियर आणि मीडियल दिशेला, म्हणजे बेंबी ओलांडून उजव्या जांघेच्या रोखानं सरकते. म्हणून तपासणारा हात उजव्या जांघेकडून सुरू करून हळूहळू डाव्या बरगडीकडे न्यायचा. थेट बरगडीखाली दाबलं तर खूप वाढलेली प्लीहा हाताखालीच राहते आणि तिची कड कळतच नाही. सिकलसेलच्या मुलात प्लीहेत अचानक रक्त साठून ती काही तासांत वाढू शकते, मूल पांढरं पडतं, जीव धोक्यात येतो. अशा मुलाच्या आईलाही ही जागा हाताला लावून शिकवावी. तिला इंग्रजी शब्द नको, ‘डाव्या बरगडीखाली, बेंबीकडे’ एवढं पुरे.

सॅजिटल, कोरोनल, ट्रान्सव्हर्स हे काप लक्षात कसे ठेवायचे?

तुरीचा दाणा जात्यात भरडला की दोन सारख्या डाळी होतात, डावी आणि उजवी. मधोमधचा सॅजिटल काप तसा. काकडीच्या चकत्या म्हणजे ट्रान्सव्हर्स. काकडी उभी धरली की प्रत्येक चकती वरचा भाग खालच्यापासून वेगळा करते. कोरोनलसाठी भिंतीला पाठ टेकून उभ्या राहा आणि ती भिंत पुढं सरकून दोन्ही कानांतून आरपार गेली असं समजा. चेहरा पुढच्या भागात, पाठ मागच्या भागात.

उत्तरपत्रिकेत हे शब्द मराठीत लिहिले तर?

मराठी माध्यमाची परवानगी असेल तिथे जरूर लिहा, पण ठरलेले शब्द वापरा आणि सापळे ओळखा. लॅटरलला ‘पार्श्व’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात मात्र पार्श्वभाग म्हणजे मागचा भाग, त्यामुळे मुली पार्श्वचा अर्थ पोस्टिरियर करतात आणि उत्तर चुकतं. पोस्टिरियर म्हणजे ‘पश्च’. व्हेंट्रलला ‘अधर’ म्हणतात, कवितेत अधर म्हणजे ओठ. डॉर्सलला ‘पृष्ठीय’. आणि पोटरीत ‘पोट’ आहे म्हणून ती पुढची समजू नका, ती पायाच्या पोस्टिरियर बाजूला असते.

आपल्याकडे या विचाराची परंपरा जुनी आहे. सुश्रुतसंहितेत नाभीपासून निघणाऱ्या २४ धमन्यांची विभागणीच दिशेनं केली आहे: १० ऊर्ध्वग, १० अधोग, ४ तिर्यग. आजचे लॅटिन शब्द मात्र युरोपातून आले. तिथेही एकाच अवयवाला देशोदेशी वेगवेगळी नावं होती. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथे शरीररचनातज्ज्ञांनी एक सामाईक यादी मान्य केली, आणि सध्याच्या आंतरराष्ट्रीय यादीचं मूळ पुस्तक १९९८ चं आहे. शब्दांवरून भांडून थकलेल्या विद्वानांनाही अखेर एकत्र बसावंच लागलं, हे मुलींना कळलं की त्यांची भीती जरा कमी होते.

बोटांना पहिलं, दुसरं असे क्रमांक द्यायचे का?

हाताच्या बोटांना देऊ नका. कोणी अंगठ्यापासून मोजतं, कोणी अंगठा सोडून मोजतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी अशी नावंच लिहा. पायाची बोटं अंगठ्यापासून एक ते पाच मोजतात.

फोनवर डॉक्टरांना सांगताना इंग्रजी शब्दच हवेत का?

नको. अर्धवट येणारा इंग्रजी शब्द घाबरत वापरण्यापेक्षा नीट मराठी सांगावी. सोंगणीच्या दिवसांत विळा लागलेले हात येतात. उजव्या हातात विळा आणि डाव्या मुठीत धाटं, त्यामुळे जखम बहुधा डाव्या हाताला असते. परवा एका आशाताईंनी फोनवर सांगितलं ते असं: ‘‘सर, बाईचा डावा हात. तर्जनी. तळहाताकडच्या बाजूनं, मधल्या पेरावर आडवी जखम, रक्त दाबून धरलं हाय. जखमेच्या पुढचं टोक वाकवता येत नाही, पण सुई टोचली तर समजून रायलं.’’ एकही इंग्रजी शब्द नाही, आणि जखमेच्या डिस्टल बाजूला वाकवणारी शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटली असावी पण संवेदना शाबूत आहे, हे ऐकणाऱ्याला तेवढ्यातच कळलं. बाईंना लगेच पुढं पाठवायला सांगितलं गेलं.